संधिवात असताना डोळा लाल झाला तेव्हा

आधीच एखादा ऑटोइम्यून आजार अंगावर आहे आणि त्यात आता डोळ्याचं काहीतरी सुरू झालंय, अशांसाठी हे लिहितेय. मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे, म्हणजे पाठीचा कणा आणि कमरेखालचे सांधे सुजवणारा संधिवात. एचएलए-बी27 पॉझिटिव्ह (या आजारासोबत बऱ्याचदा सापडणारी एक आनुवंशिक खूण, रक्तचाचणीत कळते). बरीच वर्षं औषधं चालू आहेत, अलीकडे एटानरसेप्टचं इंजेक्शन आणि पाठ बऱ्यापैकी ताब्यात. डोळ्याने मात्र मागच्या वर्षाचा अर्धा भाग खाल्ला.

6 फेब्रुवारीला, मंगळवारी संध्याकाळी, उजवा डोळा जड वाटायला लागला. रात्री बाथरूमचा दिवा लावला आणि डोळ्यात कळ आली. सकाळी उठून पाहते तर डोळा लाल. घाण नाही, चिकटपणा नाही, खाज नाही. लाली सगळ्या पांढऱ्या भागावर सारखी पसरलेली नव्हती. बुबुळाच्या कडेला लागून एक गुलाबी-जांभळट वर्तुळ होतं आणि पापणीच्या आतली बाजू जवळजवळ नेहमीसारखी. सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे डावा, चांगला डोळा उघडा ठेवून उजवा हाताने झाकला आणि डाव्यासमोर मोबाइलचा टॉर्च धरला, तरी दुखला तो झाकलेला उजवाच. पुढे कळलं की हे डॉक्टर मुद्दाम तपासून बघतात. एका डोळ्यात उजेड गेला की दोन्ही बाहुल्या आकसतात, आणि आत सूज असेल तर ते आकसणंच दुखतं.

जवळच्या दवाखान्यात टॉर्चने डोळा पाहिला गेला, डोळे आलेत असं सांगून अँटिबायोटिकचे थेंब मिळाले. मी संधिवाताच्या इंजेक्शनचं सांगितलं. ‘त्याचा इथे संबंध नाही,’ असं उत्तर आलं. त्या डॉक्टरांवर माझा फार राग नाही. टॉर्चने जे दिसत नाही ते दिसत नाही. पण संबंध होता.

शुक्रवारपर्यंत समोरचं अक्षर धुक्यातून बघितल्यासारखं झालं होतं. संधिवाताच्या ओपीडीत फोन केला, तिथल्या नर्सने उचलला. तिने दोन-तीन प्रश्न विचारले आणि म्हणाली, ‘आजच्या आज स्लिट लॅम्पवर डोळा दाखवा. आणि काउंटरवर नुसतं डोळा लाल आहे म्हणू नका. मी सांगते ते वाक्य लिहून घ्या.’ वाक्य असं: ‘मला स्पॉन्डिलायटिस आहे, प्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शन चालू आहे, एक डोळा लाल आहे, दुखतो, उजेड सहन होत नाही आणि दिसणं कमी झालंय.’

या सगळ्या प्रकरणात मला मिळालेली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. नेत्र रुग्णालयाच्या काउंटरवर माझ्या पुढच्या माणसाला ‘डोळा लाल’ या तक्रारीवर पुढच्या आठवड्याची वेळ मिळाली. मी कागदावरचं वाक्य वाचून दाखवलं, तर बाईंनी मान वर केली, केसपेपरवर लाल पेनाने ‘तातडी’ लिहिलं आणि मला आतल्या बाकावर बसवलं. दुखणं, उजेडाचा त्रास, नजर कमी होणं आणि आधीचा आजार हे चार शब्द कुठल्याही काउंटरला कळतात. ते एका दमात सांगा.

वाट मात्र तरीही पाहावी लागली. दुपारचे तीन वाजले. आधी तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली (डावा 6/6, उजवा 6/18). मग स्लिट लॅम्प. हनुवटी ठेवायची, कपाळ पट्टीला टेकवायचं, आणि समोरून उजेडाची एक उभी फट डोळ्यावर येते. खोलीतले दिवे बंद. डॉक्टरांनी ती फट बारीक करत करत एक मिलिमीटर लांब-रुंद केली आणि तिरकी धरली. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं काही सापडत नाहीये. त्या मोजत होत्या.

त्यांनी नंतर समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. पारपटल (कॉर्निया, डोळ्याचा सगळ्यात पुढचा पारदर्शक थर) आणि बुबुळ यांच्यामध्ये जी जागा असते तिच्यात स्वच्छ पाणी असतं. निरोगी डोळ्यात उजेडाचा तो किरण आरपार जातो, काही दिसत नाही. सूज असली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या पाण्यात उतरतात आणि किरणात तरंगताना दिसतात, कवडशात धूळ दिसते तशा. एक मिलिमीटरच्या त्या चौकोनात किती पेशी दिसतात त्यावर पायऱ्या ठरलेल्या आहेत: 1 ते 5 दिसल्या तर अर्धा प्लस, 6 ते 15 म्हणजे 1 प्लस, 16 ते 25 म्हणजे 2 प्लस, 26 ते 50 म्हणजे 3 प्लस, त्याहून जास्त म्हणजे 4 प्लस. ही मोजपट्टी 2005 मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने ठरवली, म्हणून एका गावच्या डॉक्टरांनी लिहिलेलं दुसऱ्या गावच्या डॉक्टरांना कळतं. माझ्या कागदावर आलं ‘सेल्स 3+, फ्लेअर 2+’. फ्लेअर म्हणजे त्या पाण्यात मिसळलेल्या प्रथिनांचा गढूळपणा.

निदान: पुढच्या भागाचा युव्हियायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतल्या थराची, बुबुळाच्या बाजूची सूज. तुमच्या केसपेपरवर असे आकडे असतील तर त्या पानाचा फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी ‘बरं वाटतंय का’ यापेक्षा ‘3+ चं किती झालं’ हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो.

पण सूज आहे हे कळलं, म्हणजे ती कशाची आहे हे कळलं असं नाही. माझ्या डोक्यात तर उत्तर तयार होतं: स्पॉन्डिलायटिस आहे, एचएलए-बी27 आहे, झालं. एकाएकी येणाऱ्या, पुढच्या भागाच्या युव्हियायटिसच्या रुग्णांपैकी साधारण निम्म्यांमध्ये हा बी27 सापडतो. डॉक्टर मात्र घाई करायला तयार नव्हत्या. त्यांचं म्हणणं असं की माझी प्रतिकारशक्ती औषधाने दाबलेली आहे, म्हणजे मला जंतुसंसर्गाची भीती इतरांहून जास्त. नागिणीचा किंवा हर्पिसचा विषाणूही असाच डोळा लाल करतो, आणि त्या डोळ्यात विषाणूवरच्या औषधाशिवाय नुसतं स्टेरॉइड टाकलं तर नुकसान होतं. म्हणून आधी कापसाची बारीक वात पारपटलाला हलकेच लावून पाहिली. (हर्पिसमध्ये तिथली जाणीव कमी होते. माझी शाबूत होती, चांगलीच दचकले.) मग नारंगी रंगाचा थेंब टाकून निळ्या उजेडात फांद्यांसारखी जखम दिसते का ते पाहिलं. नव्हती. डोळ्याचा दाब घेतला, तो 9 आला. साधारण 10 ते 21 ठीक धरतात. युव्हियायटिसमध्ये सुरुवातीला दाब बहुधा उतरतो, हर्पिसमध्ये बऱ्याचदा चढतो. असे लहान लहान पुरावे जमवत त्या पुढे सरकत होत्या. तेव्हा मला फक्त कंटाळा आला होता, आता मागे पाहताना ते काम आवडतं.

शेवटी बाहुली मोठी करणारे थेंब. अर्ध्या तासाने बाहुली गोल उघडायच्या ऐवजी तीन पाकळ्यांच्या पानासारखी उघडली. बुबुळाची कड मागच्या भिंगाला दोन-तीन ठिकाणी चिकटली होती. हे चिकटणं ताजं असतं तोवर थेंबांनी सुटतं, जुनं झालं की नाही सुटत. त्या दिवशी परत परत थेंब टाकून दोन जागा सुटल्या. तिसरी अजून आहे. डोळ्यात नीट पाहिलं तर बाहुलीला एक बारीक खाच दिसते.

बाहुली मोठी केल्यावर काही तास जवळचं वाचता येत नाही आणि उन्हात उभं राहवत नाही. गाडी चालवायचा तर विचारही नको. मला ॲट्रोपिन दिलं होतं, त्याचा अंमल कितीतरी दिवस टिकतो. सोबत कोणीतरी असू द्या. गॉगल न्या. फॉर्म, संमतिपत्रं, विम्याचे कागद हे सगळं थेंब टाकायच्या आधी वाचून घ्या, कारण नंतर सही कुठे करायची ती रेघही दिसत नाही. माझी बहीण फॉर्म मोठ्याने वाचत होती आणि मी अंदाजाने सही करत होते.

औषध: प्रेडनिसोलोन ॲसिटेटचे थेंब, जागेपणी दर तासाला. हे थेंब म्हणजे पाण्यात तरंगणारी पावडर असते, बाटली जोरात हलवली नाही तर नुसतं पाणीच डोळ्यात जातं. हे डॉक्टरांनी नाही, औषधं देणाऱ्या मुलाने सांगितलं.

पुढच्या आठवड्यात मला युव्हियायटिस बघणाऱ्या तज्ज्ञांकडे पाठवलं. तोवर मी पाकिटात एक भलीमोठी यादी घेऊन फिरत होते. लॅबने ‘ऑटोइम्यून पॅनेल’ म्हणून सुचवलेली होती ती, आणि तिची रक्कम बघून मी आधीच हिशोब मांडायला बसले होते. तज्ज्ञांनी यादी घेतली, पेन काढलं आणि एकेक ओळ खोडायला सुरुवात केली. आरए फॅक्टर (ऱ्हुमॅटॉइड संधिवाताची रक्तचाचणी), खोडला. एएनए (ल्युपससारख्या ऑटोइम्यून आजारांसाठी करतात ती), खोडला. मी विचारलं, का? ते म्हणाले, ‘हे पॉझिटिव्ह आलं तर मी काय वेगळं करणार? आणि निगेटिव्ह आलं तर?’ एएनए निरोगी माणसांतही बऱ्याचदा पॉझिटिव्ह येतो. मोठ्या माणसाच्या युव्हियायटिसमध्ये ल्युपसची दुसरी काही खूण नसताना तो करून हाती गोंधळच लागतो. एचएलए-बी27 जन्मात एकदाच करायचा असतो, माझा झालेला होता, तोही खोडला.

राहिलं ते एवढंच: सिफिलिसची रक्तचाचणी (सगळ्यांचीच करतात, लाजायचं कारण नाही, कारण तो आजार कुठल्याही युव्हियायटिसचं सोंग घेऊ शकतो आणि औषधाने बरा होतो), क्षयासाठी इग्रा ही रक्तचाचणी, छातीचा एक्स-रे, आणि नेहमीच्या रक्तचाचण्या. एक्स-रेमध्ये क्षय आणि सार्कॉइडोसिस (फुप्फुसांत, डोळ्यांत सुजेच्या गाठी करणारा आजार) दोन्हींची चाहूल लागू शकते. इग्रा महाग होती, बाकीचं सगळं मिळूनही तिच्याएवढं झालं नाही. अहवालाला चार-पाच दिवस लागतात.

त्यांनी विचारलेले प्रश्न मात्र यादीपेक्षा लांब होते. तोंडात वारंवार फोड येतात का? कातडीवर चट्टे? जुलाबातून रक्त? खोकला, वजन उतरणं? घरात कोणाला क्षय? हातापायांना मुंग्या किंवा अशक्तपणा? मुंग्यांचं मी विचारलंच. डोळ्याच्या मधल्या भागाचा युव्हियायटिस कधीकधी मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजारासोबत येतो, आणि तसं असेल तर मी घेते तसली इंजेक्शनं त्रास वाढवू शकतात. या प्रश्नांची उत्तरं आठवून लिहून नेलीत तर बरं. खुर्चीत बसल्यावर काही सुचत नाही.

मग ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याचा (रेटिनाचा) उभा छेद दाखवणारं स्कॅन. स्पर्श नाही, सुई नाही, हिरव्या फुलीकडे बघत बसायचं. इथे खरी अडचण निघाली: पडद्याच्या मधोमध पाणी साचून सूज आली होती. माझं धूसर दिसणं एवढ्यासाठी थेंबांनी पूर्ण सुधरत नव्हतं. पुढच्या भागातल्या पेशी कमी होऊन 1+ वर आल्या होत्या, लाली गेली होती, आणि मी बरी झाले असं घरात सगळ्यांनी ठरवूनही टाकलं होतं. त्यामुळे पुढच्या भागाचा युव्हियायटिस म्हटला तरी पडदा बघून घ्यायचा आग्रह धरा, नजर लालीसोबत परत येत नसेल तर नक्कीच. पडद्याच्या रक्तवाहिन्या गळतात का हे पाहायला फ्लुरेसिन अँजिओग्राफीही झाली. हाताच्या शिरेत रंग टोचतात, क्षणभर मळमळतं, आणि नंतर दिवसभर त्वचा पिवळट, लघवी गडद केशरी. आधी सांगितलेलं नसेल तर माणूस घाबरून मरेल.

विम्याचं थोडक्यात. ओपीडीतल्या तपासण्या बऱ्याच पॉलिसींत बसत नाहीत, माझ्याही बसल्या नाहीत. अँजिओग्राफीचा दावा पहिल्यांदा परत आला, कारण चिठ्ठीवर फक्त तपासणीचं नाव होतं. डॉक्टरांकडून एक ओळ वाढवून घेतली (‘स्पॉन्डिलायटिसच्या रुग्णामध्ये युव्हियायटिस व पडद्याची सूज, उपचार ठरवण्यासाठी आवश्यक’) आणि तीच फाइल परत दिली. काही आठवड्यांनी मंजूर झाली. ही ओळ पहिल्या दिवशीच लिहून घ्या.

नेत्र रुग्णालयाच्या त्या बाकावर इतकं बसणं झालं की शेजारच्यांचे आजारही पाठ झाले. एक बाई, जुना ऱ्हुमॅटॉइड संधिवात. त्यांचं दुखणं माझ्यापेक्षा फार वेगळं: खोल, पोखरणारं, रात्री झोपेतून उठवणारं, कानशिलात आणि जबड्यात उतरणारं. त्यांच्या डोळ्यात फेनिलेफ्रिनचा थेंब टाकला. वरवरच्या रक्तवाहिन्या त्याने फिक्या पडतात. त्यांच्या खोलातल्या पडल्या नाहीत, लाली तशीच. स्क्लेरायटिस, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाचीच सूज. त्यांना थेंबांवर भागणार नव्हतं, पोटातून औषधं सुरू झाली. दुसरी एक आई, सांधेदुखीच्या लहान मुलीला घेऊन आलेली. मुलीचा डोळा पांढराशुभ्र, तक्रार काही नाही, खेळत होती. लहान मुलांच्या संधिवातात डोळ्यातली सूज गुपचूप येते, ना लाली ना दुखणं. म्हणून दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्प. माझी ती एएनए चाचणी तिथे खरंच उपयोगी असते; ती पॉझिटिव्ह असलेल्या मुलांना धोका जास्त. आई म्हणाली, ‘काही नसताना कशाला नेता, असं सगळे विचारतात.’ मी आता तसं कोणाला विचारणार नाही.

मार्चच्या मध्यापर्यंत अहवाल आले, संसर्गाच्या सगळ्या चाचण्या निगेटिव्ह. आता प्रश्न उरला तो एटानरसेप्टचा. डोळ्याच्या तज्ज्ञांचं मत होतं की सांध्यांना हे इंजेक्शन चांगलं असलं तरी डोळ्याचं रक्षण करण्यात कमी पडतं, आणि ते चालू असताना युव्हियायटिस नव्याने आल्याच्याही नोंदी आहेत. अडॅलिमुमॅब डोळ्याला जास्त मानवतं. संधिवाताचे डॉक्टर म्हणाले, पाठ इतकी छान आहे, एका झटक्यावरून औषध कशाला बदलायचं? दोघांचंही पटण्यासारखं होतं. अडचण अशी की ते एकमेकांशी माझ्या तोंडून बोलत होते. इकडचं तिकडे सांगताना माझ्याकडून निम्मं गळायचं, आणि प्रत्येक भेटीनंतर मी त्या त्या डॉक्टरांच्या बाजूची होऊन बाहेर पडायचे.

मग मी दोन्हीकडे एकच विनंती केली: मला सांगू नका, चार ओळी लिहून द्या. डोळ्याच्या तज्ज्ञांनी लिहून दिलं, सोबत ओसीटीची प्रिंट जोडली. संधिवाताच्या डॉक्टरांनी ती प्रिंट उजेडात धरून पाहिली, माझ्यासमोरच त्यांना फोन लावला, आणि पाच-सात मिनिटांत ठरलं. अडॅलिमुमॅब, दर दोन आठवड्यांनी. सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी तपासला. क्षयाची चाचणी नुकतीच झाली होती म्हणून ती पुन्हा करावी लागली नाही. औषधाची मंजुरी यायला जवळजवळ महिना गेला. त्या काळात प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, कमी कमी होत जाणाऱ्या. त्यांनी माझी झोप उडाली आणि चिडचिड इतकी वाढली की बहीण कमी वेळा फोन करू लागली.

मधे एकदा, थेंबांचा कोर्स निम्म्यावर असताना, दाब 27 आला. सूज नव्हे, स्टेरॉइडमुळे. काही माणसांत तीन-चार आठवड्यांत तो असा चढतो, आणि चढलेला कळत नाही, दुखतही नाही. दाबाचे वेगळे थेंब लागले, स्टेरॉइडचे थेंब बदलले. थेंब बंद मात्र एकदम करायचे नसतात, सूज उलटते. माझ्याकडे आठवड्यांचा तक्ता होता: सहा वेळा, चार वेळा, तीन, दोन, एक. फ्रिजवर चिकटवला आणि खुणा केल्या.

जूनच्या ओसीटीत पडदा सपाट आला. उजव्या डोळ्याची नजर 6/9, चष्म्याने 6/6. सेल्स शून्य. ‘बरी झाले का?’ असं विचारलं, तर तज्ज्ञ म्हणाले की शांत आहे असं म्हणू. सगळे उपचार थांबवून तीन महिने सूज नसली तर तिला ते रिमिशन म्हणतात, आणि माझं इंजेक्शन चालूच राहणार असल्याने मी त्या शब्दात बसत नाही. ठीक आहे, शांत तर शांत.

हा प्रकार परत येऊ शकतो, दुसऱ्या डोळ्यातही. तसं झालं तर काय करायचं ते विचारून ठेवलंय. रुग्णालयाच्या तातडीच्या खिडकीचा नंबर फोनमध्ये आहे आणि नर्सचं ते वाक्य फाइलच्या पहिल्या पानावर. कपाटात उरलेले स्टेरॉइडचे थेंब स्वतःहून सुरू करायचे नाहीत. डोळा आधी स्लिट लॅम्पखाली जायला हवा, कारण थेंबांनी पेशी निम्म्या केल्या की डॉक्टरांना मोजायला काय उरतं, आणि तो हर्पिस असेल तर भलतंच व्हायचं. शिवाय उघडलेली बाटली महिन्याभरात टाकून द्यायची असते. माझी मी टाकली, नव्या बाटलीची चिठ्ठी तेवढी फाइलमध्ये आहे.